माझ्या कुशीतली टकटक

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लाकडाची नव्हे, काचेच्या धाग्यांची. काच म्हटलं की तुम्हाला फुटणारा पेला आठवेल. पण त्याच काचेचे केसासारखे धागे काढून त्यांची चटई केली आणि ती रेझिन नावाच्या चिकट रसात भिजवली, की वाळल्यावर ती लाटांनाही दाद देत नाही. मला कुणी ‘प्लास्टिकची’ म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. असो.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमध्ये, एका साच्यात झाला. माझा कारागीर दाढेखाली सतत लवंग धरायचा. साच्याला मेण लावायचं, रंगाचा थर द्यायचा, मग चटई, मग रेझिन, मग रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. थर वाळला की तो लाकडी हातोडीने मला ठोकायचा. दोनदा सावकाश, एकदा चटकन. मग कान लावून म्हणायचा, “बोल गं बाई.” मी ‘टण’ बोलले की स्वारी खूश.

चौथ्या थराला मात्र घात झाला. माझ्या उजव्या कुशीत त्याने चटई भिजवली, रोलर हाती घेतला, तोच शेजारीण धावत आली. “अहो, तुमची पोर झोपाळ्यावरून पडली! हात मोडलाय बहुतेक.” तो तसाच पळाला. कुठलाही बाप पळाला असता. पण रेझिन कुणासाठी थांबत नाही. तो परतला तेव्हा थर दगडासारखा झाला होता आणि त्याखाली तळहाताएवढी हवा अडकली होती.

त्याने ठोकलं. मी ‘भद’ बोलले. तेवढा भाग घासून काढायला हवा, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण घरी पोर कण्हत होती. “नंतर बघू,” असं पुटपुटून त्याने वर पुढचा थर चढवला.

पुढे मला एका नावाड्याने नेलं. नदीपलीकडच्या शाळेत अकरा मुलांना पोचवायचं आणि परत आणायचं, हे माझं काम. पूर आले, ओंडके आदळले, मी हूं की चूं केलं नाही. लोक कौतुक करायचे. कारागीर दरवर्षी मला रंग द्यायला यायचा, त्या जागेवर हात ठेवून उभा राहायचा आणि रंग देऊन निघून जायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला.

त्याच आठवड्यात टकटक सुरू झाली.

सकाळी धुकं होतं, पाणी अगदी स्थिर. मुलं बसली आणि माझ्या कुशीत आतून कुणीतरी ठोकलं. दोनदा सावकाश, एकदा चटकन. मित्रांनो, शपथेवर सांगते, ती मी करत नव्हते. मलाच भीती वाटली.

“उंदीर असेल,” नावाडी म्हणाला.

“उंदराला शिरायला भोक तरी आहे का कुठे?” त्याची बायको म्हणाली.

त्याने मला ओढून काठावर पालथं घातलं. खाली पाण्याचा थेंब नव्हता, तरी टकटक थांबेना. मुलं बसायला तयार होईनात. शेवटी त्याने कारागिराच्या लेकीला बोलावलं. शेड आता तीच चालवते. तिचा डावा कोपर अजून जरा वाकडाच आहे.

“ताई, वरून एक हात रंगाचा मारा फक्त, म्हणजे मुलं बसतील. सोमवारपासून मुलांची परीक्षा आहे.”

ती काही बोलणार, तोच आतून आवाज आला. “काका, असं फक्त बाबा ठोकायचे,” ती म्हणाली. तिने मला कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाली, “रंग नको. कापावं लागेल.”

तिने ग्राइंडर लावला. चाक त्या पोकळीत शिरताच आत कोंडलेली हवा बाहेर आली. ओल्या रेझिनचा वास आणि लवंगेचा, अगदी ताजा. ती मशीन बंद करून त्या भोकापाशी वाकली. “बाबा,” एवढंच म्हणाली. तिच्या मोडलेल्या हातामुळेच ही पोकळी राहिली, हे मला ठाऊक होतं. पण सांगायला तोंड नव्हतं. ते बरंच झालं.

पोकळीच्या कडेपासून आत हातभर चीर गेली होती. बाहेरून ओरखडाही दिसत नव्हता. आणखी चार-सहा फेऱ्या, आणि भर प्रवाहात मी उघडले असते, अकरा मुलांसकट.

तिने खराब भाग काढला, थरावर थर दिले. मध्येच तिचा फोन वाजला. “रोलर चाललाय, नंतर करते,” असं ती फोनकडे न बघताच म्हणाली. थर वाळल्यावर तिने हातोडी घेतली. दोनदा सावकाश ठोकलं आणि तिचा हात हवेतच थांबला.

तिसरा ठोका आतून आला. चटकन. टण!

त्यानंतर आजवर माझी कूस शांत आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे: वस्तूतली खोट कळली, तर तिच्यावर रंग फासू नका. कान लावा, उघडा, नीट करा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या माणसाला मेल्यावरही विसावा मिळत नाही, हे मी माझ्या कुशीत अनुभवलं आहे.

मुलं आता पुन्हा माझ्यात बसतात. बसताना गंमत म्हणून मला दोनदा ठोकतात आणि श्वास रोखून तिसऱ्या ठोक्याची वाट बघतात. मी गप्प असते. मीही वाटच बघत असते.