नाव खोडलेला कागद

थोरल्याचं हे वागणं आक्कांना मुळीच पटलं नव्हतं. आक्कांनी शिवून दिलेल्या कोटाच्या एका बाहीवरून आठ दिवस भुणभुण! "आई, डावी बाही बोटभर आखूड झालीय." झाली तर झाली. "तुझाच हात लांबलाय," असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा हात लांबत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण चूक काढायची ती आक्कांची, आणि तीही दुकानातल्या बायकांसमोर?

एरवी त्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमट्याने काढावा लागायचा. मोठ्या इस्पितळात रोग्यांची खाजगी माहिती सांभाळायची नोकरी त्याची, ती त्याने घरातही आणली होती. कुणी जन्मतारीख विचारली की पाकीट मारलं जात असल्यासारखा दचकायचा. शेजारणीने नातीच्या शाळेचं नाव विचारलं, तर हा म्हणाला, "ही माहिती तुम्हाला कशासाठी हवी?" ती बिचारी वाटी परत करायला आली होती, वाटी घेऊनच गेली.

गुपित राखणं आक्कांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळा दुसरीत सुटली, आकडे कधी बसलेच नाहीत, म्हणून चाळीस वर्षं त्या मापं कापडाच्या फितीला गाठी मारून ठेवत. पहिली गाठ खांद्याची, दुसरी बाहीची, मग छाती, मग कंबर. फितीवर नाव नाही, खूण नाही. खुंटीवरच्या दोनशे फितींतली कुठलीही हातात द्या, आक्का डोळे मिटून चाचपत आणि म्हणत, "ही पोस्टातल्या बाईंची." एकीची कंबर दुसरीला कधी सांगितली नाही. सख्ख्या जावेने विचारलं तरी नाही.

आज थोरल्याच्या इस्पितळाने मोठी परिषद भरवली होती. मोठं सभागृह, गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवलेली दोनशे माणसं. वादाचा विषय होता: रोग्याचं नाव खोडलं की त्याची माहिती सुरक्षित झाली का? थोरला म्हणणार, झाली. समोर एक वकीलबाई, त्या म्हणणार, नाही झाली. आक्का पहिल्या रांगेत. शेजारी सूनबाई, जी बारा वर्षं दुकानात त्यांच्यापासून तीन पावलांवर मशीन चालवत होती.

"आमच्या पलीकडच्या शाखेतला हा एक खरा कागद," थोरला म्हणाला. मागच्या पडद्यावर कागद उमटला. वरच्या चार ओळींवर काळे पट्टे. खालचं तो मोठ्याने वाचू लागला.

"महिला. शिवणकाम करते. लिहिता येत नाही, म्हणून मापं फितीला गाठी मारून ठेवते..."

आक्का खुर्चीत पुढे सरकल्या.

"गेल्या काही महिन्यांपासून गाठी चाचपून माणूस आठवत नाही. एकीचा ब्लाउज दुसरीच्या मापाने कापला. धाकट्या नातीचं नाव दोनदा विसरली. घरी सांगितलेलं नाही. सांगू नये, अशी विनंती."

दोन महिन्यांपूर्वी अस्तर आणायला जाते म्हणून त्या दोन बस बदलून मुद्दाम त्या शाखेत गेल्या होत्या. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टर भला माणूस, खुर्ची जवळ ओढून बसला, म्हणून त्या बोलल्या. जन्मात कुणाजवळ बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

आधी वाटलं, हा मुद्दाम करतोय. सूड उगवतोय बाहीचा. त्यांनी थोरल्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. बसचं वेळापत्रक वाचावं तसा तो वाचत होता.

आणि मग आक्कांच्या लक्षात आलं, हे सुडाहून वाईट होतं. त्याला कळलंच नव्हतं.

सूनबाईच्या हातातला कागदाचा पंखा थांबला. तिने हळूच मान वळवली. आक्कांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिचा हात मात्र येऊन त्यांच्या हातावर पडला.

"हा कागद दाखवायला तिला विचारलं होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"तिची सही आहे."

"तिला लिहिता येत नाही, असं तुम्हीच वाचलंत. मग सही तिने कशावर केली?"

शाखेत टेबलापलीकडच्या पोरीने बोट ठेवलं होतं तिथे केली, आक्का मनात म्हणाल्या. एकेक अक्षर जोडत. मागे रांग खोळंबली होती.

"नियमाला सही पुरते," थोरला हसला. "आणि बाई कुठे सापडतेय? इथे दोनशे जण आहेत. एकाने सांगावं ही कोण, मी आत्ता हार मानतो. मी स्वतः दहादा वाचलाय हा कागद. मलासुद्धा सांगता येणार नाही!"

आक्का उठल्या असत्या तर हरला असता तिथल्या तिथे. पण उठल्या की कात्री हातातून गेली. उद्यापासून 'आक्का, तुम्ही आता आराम करा'. त्या ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या. टाळ्या पडल्या. हात वर झाले. थोरला जिंकला.

तो खाली आला, तो उजव्या हाताने डावी बाही ओढतच. "कसं झालं, आई?"

"अहो, जरा बाजूला चला," सूनबाई घाईने म्हणाली.

"कशाला बाजूला? थांब गं तू," ती बाही बघून, कात्री गेली तर गेली म्हणत आक्का उठून उभ्या राहिल्या. आवाज दुकानातला, मशीनवरून पलीकडे जाणारा. वकीलबाई वळून बघू लागल्या. "दोनशे माणसांत दोघींनी ओळखली ती बाई. एक तुझी बायको. दुसरी मी, कारण ती मीच आहे."

थोरल्याचा हात बाहीवरच राहिला. "आई... गाठी... तू?"

"त्या गाठींवर तुझी कॉलेजची फी भरली. एकदा तरी खुंटीकडे बघितलंस? अंगात आखूड बाही घालून तिथे उभा होतास, आणि लोकांना विचारतोस बाई कोण! आठवतंय तोवर सगळ्या फिती मी हिला समजावून देणार आहे. तो कोट काढून दे तिच्याकडे, ती उसवून नीट करेल. तुझं नाव काळ्या पट्ट्याने खोडलं असतं ना, तरी तू कोण ते मी सांगितलं असतं. आता कदाचित नाही सांगता येणार, कारण मला आजार झालाय. पण तुला तर काहीच झालेलं नाही."