कॉफीच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या घरात पोटुशी बाईला ॲस्पिरिन मिळत नाही. हा माझा कायदा, आणि चौपन्न वर्षं मी तो पाळला. माझ्या पाठची बहीण पर्लीन एकोणिसाव्या वर्षी मूठभर ॲस्पिरिन सोड्याबरोबर गिळून बसली. पोट पाडायचं होतं. मिसिसिपीत आमच्याकडे तेव्हा पोरी हेच करायच्या. मूल गेलं, तीही गेली. चादरी मी धुतल्या.

म्हणून माझी नात केनिशा चौथ्या महिन्यात दवाखान्यातून गोळ्या घेऊन आली, तेव्हा डबी मी ताब्यात घेतली. म्हटलं, तू विसराळू, मी देत जाईन हातावर. लोहाची दिली, व्हिटॅमिनची दिली. ती बारकी पांढरी ॲस्पिरिन तेवढी रोज कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली.

आता सातवा लागलाय. आज दवाखान्यापर्यंत चाळीस मैल गाडी हाकून माझे गुडघे बोलायला लागले होते. केनिशाचे पाय इतके सुजलेले, की माझ्या म्हाताऱ्याच्या सपाता घालून आली होती. नर्स वर्नेलनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला.

"बीपी एकशे बासष्ट. लघवीतही प्रोटीन जातंय. केनिशा, ती छोटी गोळी रोज घेतेस ना?"

"रोज. आज्जीच देते."

"म्हणजे गोळी घेऊनसुद्धा..." वर्नेल लिहायला लागली.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण डॉक्टर त्या खोट्यावरच पुढचं ठरवणार.

"खोड ते," मी म्हणाले. "एकही दिलेली नाही मी."

"मिस ओडेसा!" वर्नेल ओरडली.

"आवाज खाली. तुझी दुपटी धुतलीयत मी. ॲस्पिरिननं माझी बहीण मेली."

वर्नेल स्टुलावर टेकली. तीही सकाळपासून उभीच असणार. "ती मूठभर होती, ही चिमूटभर. अंगात हार्मोनसारखी दोन द्रव्यं तयार होतात. एक रक्ताच्या नळ्या सैल सोडतं, दुसरं आवळतं. हिच्यात आवळणाऱ्याचा जोर झालाय. ती गोळी त्यालाच गप्प बसवते."

"माझी जाऊ म्हण की. आली की सगळ्यांचे गळे आवळते."

कुणी हसलं नाही.

"मग आता दे," मी म्हणाले.

"आता उपयोग नाही, उशीर झालाय. तेव्हा दिली असती तर टळलंच असतं, असंही नाही म्हणत मी. पण एक संधी होती."

मोठ्या हॉस्पिटलात न्यायला ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून केनिशानं हात पुढं केला. मला वाटलं, हात धर म्हणतेय.

"गोळ्यांची डबी दे, आज्जी."

मी पर्समधून काढून दिली. तिनं ती पांघरुणाखाली घेतली.

"माझं मी घेईन आता. तू मागून ये. आणि गाडी हळू चालव, रडतेयस."

मी कुठली रडायला. खाली राहिलेल्या सपाता उचलल्या, काखोटीला मारल्या आणि गाडीकडे निघाले.