शेवटच्या गाडीवरची खुर्ची

श्यामलाबाई संध्याकाळी दाराला कडी लावू देत नसत. दिवस कसले, तर कलकत्त्यात बालीगंजच्या गल्ल्यांतून नक्षलवाद्यांचे बॉम्ब फुटायचे ते दिवस कालपरवाच सरलेले. शेजारीपाजारी अजून दोन-दोन कुलपं ठोकून बसायचे, आणि या बाईंचं दार नुसतं लोटलेलं. कारण दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजायची. वर चढून यायची आणि दाराशी थांबायची. बाईंनी दार उघडावं तर जिना मोकळा. तरी त्यांची खात्री होती, हा आपला जयंताच.

जयंता एकुलता एक. कलकत्त्यात तरणी पोरं नाहीशी होताहेत म्हणून त्याच्या वडिलांनी, भालचंद्ररावांनी, त्याला अमेरिकेला धाडला. तिकडे पश्चिमेच्या डोंगरात पाइन फोर्ड नावाचं चिमुकलं शहर, तिथलं कॉलेज. मुलगा सुखरूप राहील म्हणून एवढा आटापिटा केला, आणि तो तिथल्या बर्फात हरवला. दोन हिवाळे उलटले, देह काही मिळाला नाही. गुरुजी म्हणत, पळसाच्या पानांचा पुतळा करा, अग्नी द्या, पोराला पुढची वाट मोकळी होईल. भालचंद्रराव कधीचे तयार होते. बाई ऐकतील तर शपथ.

"मी विणलेला स्वेटर आहे त्याच्या अंगात. दुहेरी लोकरीचा," त्या म्हणायच्या. "त्यात माणूस गारठत नाही. येईल तो."

भाद्रपदात तिकडे जयंताच्या खोलीत राहणारा मित्र, गुरुदत्त, सुट्टीवर आला. तिकडचे फोटो दाखवायचं यंत्रही त्यानं कुठूनसं मागून आणलं. भिंतीवर चादर लावली, खिडक्या ओढून घेतल्या, आणि घामानं निथळत तिघं पाइन फोर्ड पाहू लागली.

गावात चांदी सापडली म्हणून माणसं आली. गाव जळलं, त्यांनी विटांचं बांधलं. चांदी संपली, तरी माणसं तिथेच राहिली. आता गाडी थांबत नाही असं स्टेशन, एक न्हावी, आणि चर्चच्या तळघरातली जेवणावळ. गुरुदत्त म्हणाला, "इथे जयंतानं बटाट्याची भाजी केली होती, काकू. अख्खं गाव नाक पुसत जेवलं!" बाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या.

मग गावाच्या वाढदिवसाची मिरवणूक आली. बँड, घोडे, नटलेल्या पोरी. सगळ्यात शेवटी एक उघडी गाडी, तिच्यावर रिकाम्या खुर्च्या.

"ही काय तऱ्हा?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"गावाच्या पहिल्या हिवाळ्यात डोंगरावर गेलेले खाणवाले परतलेच नाहीत, काका. उरलेल्यांनी जेवताना त्यांच्या खुर्च्या हलवल्या नाहीत. तेव्हापासून गेलेल्या माणसाची खुर्ची त्याच्या घरून येते. वर त्याची एखादी वस्तू ठेवतात. ही... ही जयंताची."

"मेल्यांनो!" बाई कडाडल्या. "त्याच्या आईला न विचारता त्याला गेलेल्यांत बसवलंत? तुम्हाला कुणी अधिकार दिला—"

खुर्चीच्या पाठीवर मोरपंखी स्वेटर होता. गळ्याशी तोच टाका चुकलेला, जो उसवायचा त्यांनी कंटाळा केला होता.

"घरमालकिणीला कपाटात मिळाला," गुरुदत्तचा आवाज पडला. "तो हरवला त्या दुपारी छान ऊन होतं, काकू. हिमवादळ नंतर आलं. नुसत्या सदऱ्यावर गेला तो. तुम्हाला कळवायची आमची कुणाची छाती झाली नाही."

तेवढ्यात वीज गेली. खोली काळीमिट्ट झाली, पण बाईंना तो स्वेटर दिसतच राहिला. कुणी मेणबत्ती शोधायलाही उठलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. वर आली, दाराशी थांबली. रोज धावणाऱ्या बाई आज जागच्या हलल्या नाहीत. आज त्यांना पावलांमागचं ऐकू आलं. दाराबाहेर कुणाचे तरी दात थंडीनं कडकड वाजत होते. रोजच वाजत असणार. लेकरू रोज दाराशी येऊन कुडकुडत होतं आणि आपण त्याला ऊब आहे म्हणून निश्चिंत होतो, या विचारानं बाईंच्या काळजाचं पाणी झालं.

"अहो," त्या अंधारात म्हणाल्या, "गुरुजींना पळसाची पानं आणायला सांगा."

भालचंद्रराव अंधारात चाचपडत उठले.

"पण चार दिवस थांबा म्हणावं. त्या पुतळ्याला घालायला मला आधी स्वेटर विणू द्या."