हँड म्हणजे

तिने वस्तरा त्याच्या कानाखाली टेकवला आणि बेताने खाली ओढला. फेसाबरोबर रक्ताचा एक थेंबही आला.

"हँड," तो म्हणाला.

"कळलं, आडवा धरलाय." तिने मनगट वळवलं. "तुमच्या गिऱ्हाइकांना कधी कापलंच नसेल तुम्ही, मोठे शहाणे."

त्याचा उभा जन्म सलूनमध्ये गेला होता. कात्रीच्या दुप्पट वेगाने जीभ चालायची, म्हणून गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणत. कोणाचं कुठे जमतंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं. मग एका सकाळी त्याचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. इस्पितळात व्यायाम करून घेणारी मुलगी त्याचा लुळा हात उचलायची आणि दरवेळी म्हणायची, हँड. पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटला तो हाच. सगळ्यांना वाटलं, आता मागोमाग बाकीचेही येतील, पण ते काही आले नाहीत. जो जन्मात कधी इंग्रजी धड बोलला नव्हता, त्याच्याकडे आता नुसती इंग्रजीच उरली होती.

हँड म्हणजे पाणी. जरा लांबवून म्हटलं की खिडकी लाव, ऊन डोळ्यांवर येतंय. दोनदा घाईने म्हटलं तर संडास, आणि तेव्हा मात्र हातातलं काम टाकून धावावं लागे. मान तो हलवायचा, पण हो म्हणताना आणि नाही म्हणताना कशीही हलवायचा. त्या मानेवर विसंबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लिहिणं तर गेलंच होतं. सूर तेवढा शाबूत होता, आणि तो ओळखायचा तर कान बायकोचेच हवेत. मध्यंतरी एक जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं, दुसरीकडे केस कापून. रेडिओ त्याच्या डोक्याकडे बघून हँड म्हणाला आणि सगळे तिच्याकडे वळले. "म्हणतायत, डोक्यावरून बकरी चरून गेली का?" ती म्हणाली. खोली हसली, रेडिओही अर्ध्या तोंडाने हसला. त्यात त्याचं किती आणि तिच्या पदरचं किती, हे कोण तपासणार? तिलाही ते गिऱ्हाईक फारसं आवडत नव्हतंच.

तिने टॉवेलने त्याचा गाल टिपला. मुलगा मागे दारात उभा राहून बघत होता. तो परगावाहून आला होता, कारण गेल्या आठवड्यात नवऱ्याला उठवताना ती त्याच्यासकट बाथरूममध्ये पडली होती. शेजारच्या वहिनींनी दार फोडवून घेईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर तशीच पडून होती. तेव्हापासून तिच्या कमरेला पट्टा होता.

मुलाने त्याच्या गावात एक जागा बघून ठेवली होती. तिथे नर्स होत्या, माणसाला उचलून बसवणारं यंत्र होतं आणि एक पलंग रिकामा झाला होता. मात्र ठेवायचे ते फक्त रुग्णांना. उद्यापर्यंत कळवायचं होतं. काल जेवताना त्याने वडिलांना विचारलं, ते हँड म्हणाले, आणि तिने सांगितलं की नाही म्हणतायत. झोपताना परत विचारलं तेव्हाही तिने तेच सांगितलं.

नवरा तिकडे गेला तर या घरात आपण बोलायचं कोणाशी, हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. पण ती भीती तिला आतून पोखरत होती. दिवसभर तीच बोलायची, त्याच्या वाटचंही तीच बोलायची, आणि तरी ते दोघांचं बोलणं असायचं.

"आई, तू जरा स्वयंपाकघरात जा," मुलगा म्हणाला. "मला बाबांशी बोलायचंय."

"तुला काय कळणार आहे त्यांचं?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

ती गेली. जाताना भांडं उगाच जोरात आपटलं आणि नळ पूर्ण सोडला, म्हणजे कोणी म्हणायला नको की कान लावून उभी होती. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासायला घेतली. मुलगा बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? हँड म्हणाले."

"कसं म्हणाले? म्हणून दाखव."

मुलगा संकोचला. असं वडिलांची नक्कल करणं त्याला बरं वाटेना. मग त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "हँड." सावकाश, शेवटी आवाज खाली सोडून. "आणि डावा हात इकडे करत होते. तू होतीस तिकडे."

तिने नळ बंद केला. बाथरूममध्ये पडल्यापासून रोज रात्री, ती कमरेचा पट्टा सोडायला लागली की तो तिच्याकडे बघून याच सुरात बोलायचा. ती म्हणायची, झोपा आता, आणि दिवा मालवायची. चहा मागतायत, असं आताही तिच्या ओठांवर आलंच होतं, आणि मुलाने ते ऐकूनही घेतलं असतं. पण नवऱ्याने ती खोलीबाहेर जायची वाट पाहिली होती. तिच्यापुढे बोलून उपयोग नाही, हे त्याने ओळखलं होतं. याचं तिला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

"मला ने, म्हणतायत तुला," ती म्हणाली. "हिच्याच्यानं आता होत नाही, म्हणतायत."

"आणि काल? काल तर तू..."

"काल मी बोलत होते."

मुलाने खिशातला फोन काढला, हातात धरला आणि तसाच परत ठेवला. ती त्याच्या बाजूने वाट काढत खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. रेडिओने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या मुलाकडे. त्याला सगळं कळलं असावं. तो हळूच, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "हँड."

तिने मान डोलावली. त्याच्या कानामागे राहिलेला फेस पदराने पुसला.

"आता काय म्हणाले?" मुलाने विचारलं.

"ते मला म्हणाले," ती म्हणाली.