साध्या पेट्रोलची गाडी

रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर रांग होती आणि रांगेत सगळ्यांत बुटकी गाडी बाबांची होती. दोनच सीटची, लाल, छप्पर मागे दुमडलेली. बाबा सत्तरी ओलांडलेले, आणि त्या गाडीत बसताना अजूनही आधी उजवा पाय, मग बूड, मग उरलेले बाबा अशा क्रमाने आत जायचे. शेजारच्या सीटवर त्यांची लेक मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. वय एक्केचाळीस. आठवडाभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी बाबांच्या शेजारी बसून वारा खायचा, असा तिचा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता.

"प्रीमियम ना?" पंपावरच्या बाईने विचारलं. नवीन होती बिचारी. गाडीचा रंग पाहून तिने नळी उचललीसुद्धा.

"साधं," बाबा म्हणाले.

"या गाडीत?"

"का, गाडीने तुमच्याकडे तक्रार केली का?"

मागच्या गाडीतून हसू आलं. तिथे दातांचे डॉक्टर बसले होते. जुन्या मोटारींच्या मंडळाचे सेक्रेटरी. ते मान बाहेर काढून म्हणाले, "टाका हो बाई, साधंच टाका. आमचे उस्ताद हल्ली राजाच्या घोड्याला गाढवाचा खुराक देतात."

"डॉक्टर," बाबा मागे न बघताच म्हणाले, "तुम्ही लोकांच्या तोंडात हात घाला. माझ्या इंजिनात तोंड घालू नका."

रांगेतले सगळे हसले. डॉक्टरही हसले. लेकीने पुस्तकाचं पान उलटलं. ते पान तिने वाचलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वायसर बदलला. दुपारी झोपले, उठून रेडिओ लावला आणि बातम्या देणाऱ्याशी भांडले. रात्री जेवताना म्हणाले, "त्या कार्ब्युरेटरकडे बघायला हवं गं, सकाळी जरा कुरकुरला." झोपायला जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. असं ते रोज करत नसत, पण अगदीच क्वचित करत असंही नव्हतं. त्यामुळे तिच्या ते लक्षात राहायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला ते उठले नाहीत.

आता त्या पेट्रोलची गोष्ट सांगायला हवी, कारण बाबा काही जन्माचे साधेवाले नव्हते. उलट प्रीमियमचा त्यांच्याइतका कट्टर माणूस पंचक्रोशीत नव्हता. चाळीस वर्षं त्यांचं गॅरेज होतं आणि चाळीस वर्षं त्यांनी त्या लाल गाडीत महागातलंच पेट्रोल घातलं. कुणी हौशी माणूस तसली गाडी घेऊन आला आणि इंजिन ठोके मारायला लागलं की बाबा बॉनेटही न उघडता विचारायचे, "साधं पाजलंत ना? लाज वाटत नाही?" मग त्याला समजावून सांगायचे, की महाग पेट्रोलमध्ये ताकद जास्त नसते. ते फक्त दाब सोसतं. तुमच्या इंजिनात दाब जास्त, साधं पेट्रोल तो सोसत नाही, वेळेआधी पेटतं आणि आतल्या आत हाणामारी होते. डॉक्टरांनाही त्यांनी एकदा असंच भर रस्त्यात झापलं होतं.

मंडळाची दरवर्षी घाट चढून जायची सहल असे. निघण्याआधी प्रत्येक गाडी बाबा तपासायचे. इंजिनाला कान लावायचे आणि "जा" किंवा "नको" म्हणायचे. त्यावर अपील नसे.

मग तीन वर्षांपूर्वी लाल गाडीचं इंजिन खोललं गेलं. पिस्टन झिजले होते. नेमकं त्याच महिन्यात बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी, वाकायची बंदी केली. नवे पिस्टन मागवायचे होते. लेक म्हणाली, "मी बघते कॅटलॉग." लहानपणापासून ती गॅरेजात वाढलेली. पाना कुठला आणि कितीचा, हे तिला न बघता कळायचं. बाबा म्हणाले, "तू बघितल्यावर मला बघायची गरज काय? जगाच्या चुका काढतेस तू."

तिने व्यास पाहिला, उंची पाहिली, पिनचं माप दशांशापर्यंत पडताळलं. सगळं जुळलं. पेटी सात आठवड्यांनी आली. बाबा घरी डोळ्यांवर काळा चष्मा लावून पडलेले आणि ती गॅरेजात, टेबलावर फोन ठेवून, त्यांच्या आवाजाच्या बोटाला धरून इंजिन बांधत होती.

"पिस्टनवरचा बाण पुढे आला पाहिजे."

"आहे."

"रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ देऊ नकोस."

"नाही येऊ दिली."

"तेल?"

"बाबा, माझ्या कोपरापर्यंत तेल आहे."

"मग बरोबर चाललंय."

जुने पिस्टन वरून सपाट होते. नवे मधे बशीसारखे खोलगट होते. तिला वाटलं, नवीन काहीतरी सुधारणा असेल. वरची बाजू कशी दिसते हे बाबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी बाबा गॅरेजात आले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. लेकीचा चेहरा फुलला. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांनी दाब मोजायचं मीटर मागून घेतलं, चारही सिलिंडरांना लावून पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि ते बराच वेळ पुसतच राहिले.

"झकास झालंय," ते म्हणाले. "आता हिला साधं टाकत जाऊ."

"साधं?"

"वय झालं तिचंही. कशाला दगदग?"

त्या संध्याकाळी तिने कॅटलॉग पुन्हा उघडला. तो तक्ता दोन पानांवर होता. ज्या पानावरून तिने आकडे घेतले त्याच्या डोक्यावर मथळा नव्हता. मथळा आधीच्या पानावर होता, आणि त्यात लिहिलं होतं की ते पिस्टन त्याच कंपनीच्या चार दारांच्या घरगुती गाडीचे आहेत. इंजिन तेच, माप तेच. फक्त वरून खोलगट, म्हणजे दाब कमी. महाग पेट्रोल घातलं असतं तरी बिघडलं काहीच नसतं, पण ते सोसणार काय? सोसायला दाबच उरला नव्हता, आणि इंजिनाला नको ते पाजणं बाबांच्या हातून होणारं नव्हतं. तिने वाघिणीच्या छातीत शेळीचं काळीज बसवलं होतं, आणि तेही दशांशापर्यंत पडताळून.

ती वाट बघत राहिली, की बाबा विचारतील. विचारलं की सांगू. बाबांनी विचारलं नाही. इंजिन परत खोलू असंही म्हणाले नाहीत, कारण खोललं असतं तर का खोललं हे सांगावं लागलं असतं. आणि मग पंपावर, मंडळात, घाटात, जो भेटेल त्याला ते ताठ मानेने सांगू लागले, "मी मुद्दाम साध्यावर केलीय. माझी गाडी, माझी मर्जी." ज्यांना चाळीस वर्षं झापलं ते सगळे आता हात धुऊन मागे लागले. म्हाताऱ्याचा हात आखडला. म्हाताऱ्याचे कान गेले. घाटात गाडी मागे पडायची आणि बाबा शेवटून दुसरे पोचून म्हणायचे, "काय घाई होती तुम्हाला?" वर्षभरात गाड्या तपासायचं काम त्यांच्याकडून काढून दातांच्या डॉक्टरांकडे गेलं. घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "आता सगळ्या गाड्यांना कवळी बसणार." आणि स्वतःच हसले. ती हसली नाही. त्या रात्री ती सांगणार होती. सांगितलं नाही. चूक जितके दिवस पोटात राहते तितकी ती बाहेर काढायला जड होते. छापखान्यात ती हे नवशिक्यांना शिकवायची.

बाबा गेल्यावर महिनाभराने डॉक्टरांचा स्मरणलेख तिच्याकडे आला. मंडळाची वार्षिक पुस्तिका तिच्याच छापखान्यात छापली जायची. डॉक्टरांनी वर लिहिलं होतं, 'तूच तपासलंस तर बरं.' लेख वाईट नव्हता. माणूस मनापासून रडला होता हे कळत होतं. तिने तीन स्वल्पविराम घातले, एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात थांबली. 'उतारवयात उस्तादांचं निदान डळमळू लागलं. ज्या गाडीला त्यांनी जन्मभर उत्तम ते पाजलं, तिला ते साध्यावर चालवू लागले. आम्ही ते प्रेमाने खपवून घेतलं.'

तिने फोन लावला. "डॉक्टरकाका, निदानाचं वाक्य काढा."

"अगं, मायेनेच लिहिलंय. खोटं आहे का त्यात काही?"

"आहे."

"काय?"

खिडकीखाली छपाईचं यंत्र धडधडत होतं. तिने पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ ओढली.

"बघ," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "तुला वाईट वाटणारच. पण सगळ्यांना ठाऊक आहे ते. रविवारी सहलीला निघण्याआधी पंपावर वाचणार आहे मी, तेव्हा ऐक. चांगलं वाटेल तुला."

मंडळाचा एक नियम होता. वर्षात जो सभासद गेला त्याची गाडी त्या वर्षी घाटाच्या सहलीत सगळ्यांत पुढे राहायची आणि तिची टाकी मंडळ भरायचं. गाडी चालवायला काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. दारात उभे राहून त्यांनी हात पुढे केला. "आण किल्ली. आज तुझी आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. दादाच्या गाडीला आज तरी चांगलंचुंगलं पाजू."

"गाडी मी नेणार आहे."

"तू? घाटात?"

"काका, तुम्ही गेल्या वर्षी गॅरेजच्या दारालाच गाडी घासलीत."

"दार मधे आलं होतं," काका म्हणाले आणि निमूट शेजारच्या सीटवर बसले. वाटेत मात्र त्यांचं चालूच होतं. दादा कसा होता, शेवटी शेवटी कसा हट्टी झाला. "पैशासाठी नव्हतं गं ते. डोकंच चालेनासं झालं होतं त्याचं. आपण समजून घ्यायचं."

तिने गिअर बदलला. जरा जोरात.

पंपावर वीस-बावीस गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. लाल गाडीला पुढची जागा होती. डॉक्टरांच्या हातात पुस्तिका होती आणि डोळे आधीच ओले होते. त्यांनी पंपावरच्या बाईला सांगितलं, "प्रीमियम. काठोकाठ. आज उस्ताद नाही म्हणायला नाहीत." लोक हसले. प्रेमानेच हसले, आणि तेच तिला सोसवेना. टिंगल असती तर तिने गिळली असती, जशी तीन वर्षं गिळली.

डॉक्टर वाचू लागले. बाबांच्या कानांबद्दल वाचलं, भर रस्त्यातल्या झापण्याबद्दल वाचलं. मग ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला आले. "उतारवयात उस्तादांचं निदान..."

ती गाडीतून उतरली. टाकीच्या तोंडाशी आलेली नळी तिने हाताने बाजूला केली.

"थांबा," ती म्हणाली. "पुढचं वाचू नका."

"अगं बये," काका सीटवरूनच कुजबुजले, "चारचौघांत नको. बस खाली."

"चारचौघांतच बोललं गेलंय, काका. तीन वर्षं. मग हेही चारचौघांतच होऊ दे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बोल बाळ. काय म्हणणं आहे?"

तिचा आवाज छापखान्यात एखाद्या लेखकाला पान नंबर सांगावा तसा सरळ आला.

"या इंजिनाला साधंच पेट्रोल लागतं. बाबांचं निदान बरोबर होतं. तुमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर. यातले पिस्टन घरगुती गाडीचे आहेत. ते मी मागवले, चुकीचे मागवले आणि मीच बसवले. बाबा तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा लावून घरी होते. पहिल्यांदा इंजिन ऐकलं त्याच दिवशी त्यांना कळलं. मलाही त्याच दिवशी कळलं. त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि तुम्ही त्यांचं काम काढून घेतलंत तरी तोंड उघडलं नाही. मी तिथेच, शेजारच्या सीटवर पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मीही उघडलं नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना नाही सांगितलं, म्हणून तुम्हाला सांगतेय. आता कुणाला हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसा."