तहानलेली नाव

बाळांनो, जरा डोळे मिटा. आपण मांजरा नदीच्या काठावर उभे आहोत असं समजा. राज्य निजामाचं. नदीवर पूल नाही. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून गुरंसुद्धा पलीकडे जातात. श्रावणात मात्र पाणी काठाला टेकतं, आणि समोरचं गाव डोळ्यांना दिसत असूनही लांब होऊन बसतं. त्या गावात तुमची थोरली बहीण दिलेली आहे. पंचमी जवळ आली आहे. आता सांगा, झोका कुणाबरोबर खेळायचा?

छोट्या सत्यभामेपुढे हाच प्रश्न होता. मागच्या पंचमीला तिची वच्छलाअक्का माहेरी येऊ शकली नव्हती. दोघी दोन काठांवरून नुसते हात हलवत राहिल्या. म्हणून यंदा तिचे वडील उत्तरेश्वर आणि चुलता आसाराम यांनी चिंचेखाली पालथी पडलेली जुनी नाव दुरुस्तीला काढली.

दोघे शेतकरी. नांगर, पाभर, बैलगाडी त्यांच्या हातची. नाव कधी केलेली नव्हती. त्यांनी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या. सांध्यांत अंबाडीचं सूत ठासलं, युसूफ वडगावच्या बाजारातून आणलेली राळ तेलात वितळवून वरून ओतली. आणि शेवटी शेतकरी सगळ्याला जे करतो तेच केलं. नाव उन्हात वाळत घातली. ज्वारी वाळली की टिकते, तूर वाळली की टिकते, मग नावेला वेगळा न्याय कशाला? पुढे पावसाची सर आली की आसाराम धावत जाऊन तिच्यावर घोंगडी टाकायचा.

पंचमी तोंडावर आली तेव्हा नाव डोहात लोटली. आसाराम ऐटीत आत बसला. थोड्याच वेळात प्रत्येक सांध्यातून पाणी आलं, आणि तो बसल्या जागी कमरेपर्यंत भिजला.

"नाव कसली बे ही, चाळणी हाय!" शेजारचा धोंडीराम काठावरून ओरडला. "पीठ चाळायला वैनीला दे!"

"दात कशाला काढतो? ये, पाणी उपस की!" आसाराम चिडला.

उत्तरेश्वरांनी नाव काठाशी ओढली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कुऱ्हाड आण. जळण तरी हुईल."

सत्यभामेनं नावेची कड घट्ट धरली. दोन फळ्यांच्या फटीत तिचं नख सहज गेलं. अशी फट तिनं कुठेतरी पाहिली होती.

"आबा, उन्हाळ्यात गाडीच्या चाकाची धाव निसटली व्हती, तवा तुमी काय केलतं?" तिनं वडिलांना विचारलं.

"चाक डोहात टाकलं. लाकूड आटलं व्हतं. ते पाणी पिऊन फुगलं की लोखंडी धाव गच्च बसती. कावून इचारतीस?"

"मंग ही बी तहानलेलीच हाय की. तिला पोटभर पिऊ द्या."

उत्तरेश्वरांनी आसारामाकडे पाहिलं. आसारामानं कपाळावर हात मारला. "आन् मी येडा तिच्यावर घोंगडी टाकीत बसलो!"

त्यांनी नावेत दगड भरले आणि ती डोहात बुडवली. ओढीनं वाहून जाऊ नये म्हणून दोर हवा होता. घरात जाड दोर एकच, झोक्याचा. सत्यभामेनं तो आणून दिला, पण अटीवर. "अक्का आली की माघारी द्यायचा."

"तरत न्हाई म्हणून बुडवली!" धोंडीराम म्हणाला. "लई हुशार खानदान हाय."

पंचमीच्या सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. सत्यभामेनं वाकून त्या फटीवर नख फिरवलं. फट कुठे होती तेच कळेना. सगळे थांबले. आत दोन-चार थेंब आले, तेवढेच. उत्तरेश्वरांनी बांबू हातात घेतला आणि नाव पलीकडे नेली.

परत आली तेव्हा तीत वच्छला बसली होती, मांडीवर शिदोरीचं गाठोडं घेऊन. काठावर बायकांचा गलका उडाला. नाव बघायला आलेल्या धोंडीरामानंच तिचा दोर चिंचेच्या मुळीला बांधला.

सत्यभामा अक्काला कडकडून भेटली. मग लगेच चिंचेकडे वळून दोराची गाठ सोडू लागली.

"अगं, नाव वाहून जाईल की!" उत्तरेश्वर ओरडले.

"धोंडूकाकाला धरू द्या तिला!" ती म्हणाली, आणि ओला दोर खांद्यावर टाकून झोका बांधायच्या लिंबाकडे पळाली.