एका बंदुकीमागे एक सकाळ

ज्या माणसाकडे एक बंदूक असते त्याला ती वापरता येते, आणि ज्याच्याकडे पाच असतात त्याला त्या नुसत्या दाखवता येतात, असं शून्यमास्तरांचं ठाम मत होतं. आयुष्यभर सैन्यात हत्यारं दुरुस्त केल्यावर गेली एकोणीस वर्षं ते शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर नेमबाजीची परीक्षा घेत होते. चुकीला माफी नाही, ओळखीला किंमत नाही, आणि चुकला त्याच्या नावापुढे भलंमोठं गोल शून्य. त्यावरून लोकांनी त्यांचं बारसं केलं होतं. मास्तरांना हे नाव ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

पूर्वी परवान्याचं काम सोपं होतं. पैसे भरा, शिक्का घ्या, घरी जा. बंदुका फार झाल्या म्हणून सरकारनं फी दुप्पट केली, मग चौपट केली. ज्यांच्याकडे बंदुकांचा ढीग होता त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि वर त्या फीचाच टेंभा मिरवायला सुरुवात केली. परवाना कार्यालयात याच्यावर बैठक भरली, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मास्तर एवढंच म्हणाले होते, "पैसे मागू नका. सकाळ मागा."

तसा नियम झाला. एका बंदुकीमागे मालकाची एक सकाळ. पहिल्या बंदुकीची परीक्षा एकदा दिली की दहा वर्षं कटकट नाही. दुसरीपासून पुढे मात्र दर वर्षी परीक्षा, आणि प्रत्येक बंदुकीचा दिवस वेगळा. मालकानं स्वतः मास्तरांच्या रेंजवर यायचं, नोकर चालणार नाही. बाकावर बसून नंबराची वाट बघायची, मग तीच बंदूक उघडून, रिकामी असल्याचं दाखवून, भरून, दहा गोळ्या झाडून, साफ करून बंद करायची. आपणहून बंदूक सोडणाऱ्यानं फक्त एक सही करायची.

वर्षभरात निम्म्या बंदुका सुटल्या. आजोबांची आठवण, घराण्याची शान, जिवात जीव असेपर्यंत सोडणार नाही, असं छाती पुढे काढून सांगणारे हे वीर. त्यांचं बंदुकीवर जेवढं प्रेम होतं त्याहून सकाळच्या झोपेवर जास्त निघालं. मास्तरांना हसूही आलं नाही. एवढ्याशा लाकडी बाकानं ज्यांची हौस फिटते त्यांच्या हातात इतकी वर्षं काडतुसं होती, याचीच त्यांना शिसारी आली.

उरले ते पळवाट शोधणारे. त्यांनी बंदुका बायकांच्या नावावर चढवल्या, कारण बायकोची ती पहिलीच बंदूक. मग बाकावर बायकांची रांग लागली. त्यावरही नियमात एक कलम होतं. जी बंदूक परीक्षेत नापास झाली ती तिथेच रेंजच्या लोखंडी कपाटात जमा. नव्वद दिवसांत परक्या माणसाला विकायची, नाहीतर तोडायची. त्याच घरातल्या कुणाच्याही परवान्यावर ती परत चढत नाही.

त्या मंगळवारी फरशीवाला आपल्या बायकोला घेऊन आला.

फरशीवाल्याचं टाइल्सचं मोठं दुकान होतं आणि त्याहून मोठा आवाज. दोन रायफली स्वतःच्या नावावर ठेवून त्यानं पिस्तूल बायकोच्या नावावर केलं होतं. गुरुवारी एका रायफलीची परीक्षा, शनिवारी दुसरीची, असा त्याचा आठवडा लागला होता आणि त्यावरून तो दारातूनच कुरकुरत आला. पिस्तुलाची पेटी उघडून त्यानं ते बाहेर काढलं आणि बोलता बोलता हातवारे करू लागला. बोट थेट चापावर. नळीचं तोंड आधी बाहेरच्या टेबलावरच्या कारकून बाईंच्या पोटाकडे, मग बाकावरच्या लोकांकडे, मग आत येऊन मास्तरांच्या चष्म्याकडे.

"परदेशी आहे मास्तर. अशी चीज तुम्ही बघितली नसेल."

"टेबलावर ठेवा," मास्तर म्हणाले.

"रिकामं आहे हो."

"टेबलावर ठेवा आणि बाहेर बसा. परीक्षा बाईंची आहे."

तो बाहेर गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. काच जाड होती, आतला आवाज बाहेर जात नसे. मास्तरांनी अर्ज उचलला. कारणाच्या रकान्यात पुरुषी, ऐसपैस अक्षरात लिहिलं होतं : स्वसंरक्षण. पती कामानिमित्त बाहेर असतात, पत्नी घरी एकटी. मास्तरांनी नाक मुरडलं. असले अर्ज ते दिवसाला चार बघत होते.

ते शिक्क्याची तारीख तपासत असताना बाई टेबलापाशी आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, साध्या चपला. नळी काचेपलीकडच्या लोकांकडे आहे हे बघून त्यांनी पिस्तूल उचललं, तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे वळवलं, बोट चापापासून लांब सरळ ठेवलं, मुठीतलं गोळ्यांचं मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, वरचा भाग मागे ओढला, आत डोकावून बघितलं आणि मगच ते खाली ठेवलं. चार सेकंद लागले असतील. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा, तितक्या सहज.

मास्तरांची मान वर झाली. हे त्यांनी गेल्या वर्षभरात इतकं नेटकं कुणी केलेलं बघितलं नव्हतं. त्यांची नजर बाईंच्या हातांकडे गेली. नखांच्या कडांना काळसर तेल बसलं होतं, घासूनही न जाणारं. आणि पिस्तूल आतून आरशासारखं स्वच्छ होतं.

बाईंच्या लक्षात आलं की मास्तरांनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रिकामं मॅगझीन पुन्हा बसवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अजून सुरू झाली नाही ना परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ते धरू नका. मला हे येत नाही, मास्तर."

मास्तरांच्या कपाळावर आठी चढली. बनवाबनवी ती बनवाबनवीच, मग ती पास व्हायला असो की नापास व्हायला. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "इथे स्वसंरक्षण लिहिलंय. कुणापासून?"

बाईंनी काचेकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"हे घरी असले की पिस्तूल जेवायच्या टेबलावर असतं," त्या म्हणाल्या. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. "पाण्याच्या तांब्याशेजारी. झाडलं नाही कधी. नुसतं ठेवतात. मुलीनं बाहेरगावी शिकायला जायचं काढलं, त्या दिवशी भरलेलं मॅगझीन लावून ठेवलं होतं. पोरगी जेवली, हात धुतले आणि तो विषय परत काढला नाही तिनं. दर रविवारी साफ करून द्यायचं काम माझं. रायफलींचंही."

मास्तरांनी काचेकडे बघितलं. काचेपलीकडे फरशीवाला घड्याळ दाखवून हातानंच 'आटपा' म्हणत होता. एवढा मोठा गडी, आणि घरातल्या पोरीला गप्प करायला त्याला लोखंड लागत होतं. मास्तरांनी सैन्यात भित्रे बघितले होते, पण त्यांना निदान आपण भित्रे आहोत हे कळत असे.

अडचण दुसरीच होती. एकोणीस वर्षांत त्यांनी वहीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. आमदाराच्या मेहुण्याला शून्य दिलं होतं, सख्ख्या साडूला दिलं होतं. ही वही म्हणजे त्यांची सगळी कमाई. आणि आता समोर वर्षातला सगळ्यात तयार हात उभा होता आणि शून्य मागत होता.

"सुरू करा," ते कोरडेपणानं म्हणाले. "शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून द्या."

बाईंनी पिस्तुलाला हातही लावला नाही. "रिकामं आहे," त्या म्हणाल्या.

रिकामं होतंच. दोन मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतः बघितलं होतं आणि मास्तरांनीही. पण न उघडता रिकामं म्हणणारा जागच्या जागी नापास, हा मास्तरांनीच घालून दिलेला नियम. त्यांनी पेन उचललं. पेन जरा वेळ कागदावर टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला, आणि मग त्या ठिपक्याभोवतीच त्यांनी शून्य काढलं. ते नेहमीसारखं गोल आलं नाही.

फरशीवाला आत आला तो फुत्कारतच. "एवढं साधं जमलं नाही तुला?"

"नाही जमलं," बाई म्हणाल्या.

"मी शिकवतो हिला, मास्तर. पुढच्या महिन्यात परत आणतो."

"बाईंना आणा. पिस्तूल परत चढत नाही." मास्तरांनी ते लोखंडी कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली आणि पावती बाईंच्या हातात दिली. फरशीवाल्यानं वरपर्यंत ओळखी असल्याचं सांगितलं. मास्तरांनी पुढचा नंबर पुकारला.

दोन दिवस त्यांना चैन पडलं नाही. खोट्या शून्याचं तर होतंच, पण त्याहून जास्त, त्या बाईला तसल्या माणसाबरोबर आपण घरी पाठवलं याचं. नियम करताना त्यांनी बंदुका मोजल्या होत्या. बंदूक गेलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळी काय होतं हे त्यांनी मोजलं नव्हतं. स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

गुरुवारी दोघं आली. फरशीवाला खांद्यावर रायफल अडकवून कारकून बाईंच्या टेबलाशी हुज्जत घालत असताना मास्तर बाकापाशी गेले.

"घरी काय झालं?"

"बोलले बरंच," बाई म्हणाल्या. "भांडी आपटली. पण टेबलावर काही नव्हतं." त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "मुलीनं काल रात्री परत विषय काढला."

मास्तर आत गेले. फरशीवाल्यानं रायफल टेबलावर ठेवली ती अशी, की आता टाळ्या पडायला हरकत नाही. बाहेर बाकावर सात माणसं होती, आणि काचेतून आपण दिसतो याचं त्याला पुरतं भान होतं.

"बोल्ट काढून नळी रिकामी दाखवा," मास्तर म्हणाले.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीवरचा तो सरकता दांडा. तो काढायचा तर बाजूची बारीक कळ दाबून धरावी लागते. फरशीवाल्यानं दांडा ओढला. आला नाही. जोरात ओढला. आला नाही. रायफल उलटी केली, हलवली, फुंकर मारली. मास्तर हाताची घडी घालून बघत होते.

"जाम झालाय. हवेमुळे असं होतं."

"हवा सगळ्यांना तीच आहे."

"रोज काढतो मी हा."

"काढा की मग."

त्याच्या मानेवरून घाम ओघळला. त्यानं काचेकडे बघितलं, सात माणसं बघत होती. मग त्याच्यातला रविवारचा माणूस जागा झाला, ज्याला घरात प्रत्येक अडलेल्या गोष्टीसाठी एकच हाक मारायची सवय होती. त्यानं दार उघडलं, मुंडकं बाहेर काढलं आणि विचारलं,

"अगं, हे कसं निघतं?"

बाकावरची कुजबुज थांबली. कारकून बाईंचा शिक्का हातातच राहिला. त्यांनी मंगळवारचं पान उलटलं, वाकड्या शून्याकडे बघितलं, मग मान वर करून मास्तरांकडे. ज्या बाईला काही येत नाही म्हणून मास्तरांनी नापास केलं, तिलाच तिचा नवरा रायफल कशी उघडायची ते विचारत होता. एकोणीस वर्षांची वही आणि कपाटातलं ते पिस्तूल, दोन्ही आता त्या बाकावरून येणाऱ्या उत्तरावर अवलंबून होतं.

बाई उठल्या नाहीत.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "परवाच नापास झाले ना मी."

बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. कारकून बाईंनी क्षणभर बाईंच्या नखांकडे बघितलं, पान परत उलटलं आणि शिक्का शाईत बुडवला.

"परीक्षेत घरच्यांना विचारता येत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शून्य काढलं. भलंमोठं, गोल, जुन्या सवयीचं.

रायफल कपाटात गेली. फरशीवाला तोंडात मारल्यासारखा कारकून बाईंच्या टेबलापाशी उभा होता. आज ओळखी आठवल्या नाहीत.

"शनिवारी दुसरी," कारकून बाई म्हणाल्या. "परीक्षा देणार, की आपणहून सोडणार? सोडली तर नापासाची नोंद होत नाही. आज सही केली तर संध्याकाळी आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

त्यानं बाकाकडे बघितलं. सातही जण शनिवारी मुद्दाम येतील असे दिसत होते.

"द्या तो फॉर्म," तो पुटपुटला आणि खिसे चाचपू लागला.

बाई बाकावरून उठल्या, पर्स उघडली आणि टोपण आधीच काढलेलं पेन त्याच्या हातात दिलं.